समाजाची भांडी आणि माझी परात

उमरीहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत तुरीची डाळ निवडत बसले होते. डाळीच्या गिरण्यांच्या गावात राहूनही डाळीतले खडे आपणच काढायचे, ही माझी जुनी तक्रार आहे. भाऊ म्हणाला, "अक्का, मठातली भांड्यांची खोली खाली करून राहिलेत. रविवारी सगळी भांडी अंगणात मांडणार, एकेकावरचं नाव माईकवर वाचणार. ज्याचं त्यानं न्यायचं, न्हाईतर मोडीत."

"नावं माईकवर कशाला?"

"उद्या कुणी म्हणू नये, आमचं परस्पर इकलं म्हणून." मग तो म्हणाला, "तुझी परात हाय त्यात."

परात आहे हे मला माहीत होतं. म्हणून तर माईकचं विचारलं होतं.

ही भांडी काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं. आमचा समाज लिंगायत, बहुतेक किराणा-भुसार करणारा. केटरर नावाचा प्राणी उमरीत यायच्या आधी समाजातल्या कुठल्याही लग्नाला मठातल्या खोलीतून भांडी जायची. मोठमोठी बगुणी, कढया, पराती, पाण्याचे हंडे, वाढायची लांब दांड्याची वगराळी, बसायला पाट, अंथरायला सतरंज्या. भाडं नव्हतं, फक्त दोन नियम होते. भांडं घासून परत करायचं, पण रिकामं नाही. मूठभर बुंदी नाहीतर ओंजळभर गहू त्यात घालायचे. आणि ज्या घरचं लग्न त्यांनी एक नवं भांडं खोलीला द्यायचं, त्यावर नवरा-नवरीचं नाव टाकून. आमचे वडील, म्हणजे आप्पा, या भांड्यांचे कारभारी होते. खोलीची किल्ली आमच्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी खिळ्याला असायची, आणि लग्नसराईत आम्ही भावंडं जेवणापेक्षा बुंदीच जास्त खायचो.

माझं लग्न झालं तेव्हा आप्पांनी नांदेडच्या भांडेगल्लीत स्वतः जाऊन जाड पितळेची परात आणली. दोन कड्यांची. एका पंगतीच्या पुऱ्यांची कणीक तिच्यात एकदम मळता यावी एवढी. काठावर मशीनने ठिपक्याठिपक्यांत माझं नाव, शेजारी नवऱ्याचं नाव, खाली 'विवाहानिमित्त समाजास भेट'. मला जळकोटला दिलं होतं. लग्न वर्ष-दीड वर्ष टिकलं. माणसाचा हैदराबादेत आधीच एक संसार होता आणि ते अख्ख्या जळकोटला ठाऊक होतं, फक्त आम्हालाच नव्हतं. मी परत आले, शिकले, लातूरला शाळेत नोकरी लागली आणि तिथलीच झाले. कोर्टाने आम्हाला वेगळं केलं ते कागदावर. पितळेवर आम्ही दोघं शेजारी शेजारीच राहिलो.

तर रविवारी ती दोन नावं माईकवर, सगळ्या समाजासमोर वाचली जाणार होती. मी साठीला टेकलेली, पेन्शन घेणारी, सभांमधून भाषणं करणारी बाई आहे. तरी सांगते, मला लाज वाटत होती. ज्यांनी मला त्या मांडवात पाहिलं होतं ते सगळे तिथे बसलेले असणार, आणि आपल्या सुनांना कानात सांगणार, हीच ती. रविवारच्या आधी परात खोलीतून काढायची, एवढंच मला हवं होतं. भावाचंही तेच म्हणणं होतं. "चारचौघांत कशाला? तू शुक्रवारी ये, गुपचूप काढून ने."

बहाणा तयार होता. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी जुन्या वस्तूंवर लेख मागितला होता आणि माझ्याकडून एक ओळ होत नव्हती. मी मठाच्या मंडळींना फोन करून सांगितलं की खोली रिकामी व्हायच्या आत एकदा तिथे बसून लिहायचं आहे. ते खूश झाले. खोलीच्या जागी मुलांसाठी अभ्यासिका होणार होती, तेही लेखात घाला म्हणाले. अभ्यासिकेला माझा विरोध असायचं कारणच नव्हतं. माझ्या इमारतीचे खालचे मजले क्लाससाठी आलेल्या पोरींनी भरलेले आहेत. त्या जिन्यात बसून आईला फोन करतात आणि मी वरून जाताना एकदम गप्प होतात. उमरीच्या पोरांना उमरीतच बसून अभ्यास करता येत असेल तर भांडी गेली तरी चालतील, असं माझं मत आहे.

शुक्रवारी नांदेडला गाडी बदलून दुपारी उमरीला पोचले आणि चहा घेऊन थेट मठात गेले. कुलूप उघडलं तसा चिंचेचा, राखेचा आणि जुन्या तेलाचा वास आला. एक पाट झटकून त्यावर बसले, वही मांडीवर घेतली.

जुन्या वस्तू बोलतात असं लिहिणाऱ्यांचा मला नेहमी संशय येतो. माझ्याशी तरी एकही बोलली नाही. बराच वेळ मी आणि बगुणी एकमेकांकडे बघत बसलो. मग कोपऱ्यात एक वगराळं दिसलं आणि मला आत्याचा हात आठवला. लग्नाच्या पंगतीत वरण वाढायचा मान आमच्या आत्याचा. समोर कोण बसलंय ते बघून ती वगराळं बुडवायची. आपल्यातल्याला तळातून घट्ट, ज्याच्याशी बिनसलेलं त्याला वरवरचं पाणी. चेहऱ्यावर तेच हसू, तोंडी तोच आग्रह. एकदा आमच्या आईलाच वरचं पाणी मिळालं. आईने तोंडातून शब्द काढला नाही, पण पुढच्या लग्नात तिने भाजी वाढायचं काम मागून घेतलं आणि हिशेब पुरा केला. मी हे लिहिलं आणि त्या रिकाम्या खोलीत एकटीच हसले.

मग लिहिणं थांबेना. पोचा आलेला हंडा बघितला तर वरपक्षाला चहा गार मिळाला म्हणून झालेली मारामारी आठवली. तो हंडा कुणीतरी फेकला होता आणि नंतर दोन्हीकडचे म्हातारे तो बुक्क्यांनी सरळ करत बसले होते. काच नसलेली गॅसबत्ती बघितली तर ती पेटवायला येणारा माणूस आठवला, जो पेटवायच्या आधी सगळ्यांना लांब जायला सांगायचा आणि स्वतः मात्र बत्तीवर डोकं घालून बसायचा. लाऊडस्पीकरचा भोंगा होता, एका पाटाला चिकटलेल्या अक्षता होत्या. एका कढईवर ज्या जोडप्याचं नाव होतं त्यांची गावात पिठाची गिरणी आहे आणि ती दोघं एकमेकांशी गिऱ्हाइकामार्फत बोलतात. कढईवर मात्र कसा सुखाचा संसार. मला जरा बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही. पानांमागून पानं भरली. मी कशासाठी आले होते तेसुद्धा थोडा वेळ विसरले.

आठवलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. परात कुठे असणार ते मला ठाऊक होतं. जळकोटहून परत आल्यावर, लातूरला जायच्या आधीच्या दिवसांत, मी एकदा आप्पांना चहासाठी बोलवायला मठात आले होते. आप्पा शिडीवर होते आणि परात माळ्यावर सरकवत होते, पालथी. मला बघून त्यांनी हात झटकले आणि चला म्हणाले. त्यावर ते पुढे कधी बोलले नाहीत, मीही नाही. मोडलेल्या लग्नाचं भांडं शुभकार्याला कोण नेणार? त्यांना माझी लाज वाटते आणि म्हणून त्यांनी माझं नाव पालथं घातलं, असंच मी धरून चालले. तेव्हापासून उमरीतल्या लग्नांना जायचं मी टाळलं. आप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

शिडी लावली, गुडघ्यांना शिव्या देत वर चढले. माळ्यावर उंदरांनी कुरतडलेल्या सतरंज्या होत्या. परात नव्हती. खाली उतरून सगळ्या पराती उलटसुलट करून बघितल्या, भिंतीशी टेकवलेल्या, एकात एक बसवलेल्या. कुठेच नव्हती.

आप्पांनी ती कधीच मोडीत घातली असणार. खरं तर मी सुटलेच होते. जे भांडंच नाही त्याचं नाव कोण वाचणार? पण मला राग आला. एवढी अडचण झाली होती माझ्या नावाची? खोली बंद करून घरी आले तेव्हा माझं तोंड बघून भावजय म्हणाली, "काय झालं अक्का? लिहिणं न्हाई झालं?"

"लिहिणं झालं. परात नाही तिथं. आप्पांनी मोडीत घातली वाटतं."

ती भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, "कोणती, तुमची व्हय? ती लग्नाला गेलीय की."

"कुणाच्या लग्नाला?"

"पल्याडच्या खेड्यात. आता आपल्यातले कोण नेतात भांडी? ज्याला केटरर झेपत न्हाई तो येतो, कुठल्या का जातीचा असंना. आपण देतो. उद्या लग्न हाय त्यांचं. परवा सकाळी ट्रॅक्टरनं सरळ मठात आणून टाकतो म्हणालेत."

म्हणजे रविवारी सकाळी, थेट अंगणात, थेट माईकसमोर. भाऊ जेवता जेवता थांबला. "मग तू रविवारी सकाळच्या गाडीनं निघ," तो म्हणाला. "कुणी उठलं न्हाई तर जाईल मोडीत. विषय संपला."

मला मात्र रात्रभर एकच प्रश्न पडला होता. परात लग्नाला कशी गेली?

शनिवारी सकाळी भावजय मला तिच्या स्कुटीवर बसवून त्या खेड्यात घेऊन गेली. दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नाच्या दिवशी भांडं परत मागण्याइतकी मी निर्लज्ज नव्हते. मला ती फक्त बघायची होती. भावजय स्कुटी अशी चालवते की खड्डे आमच्याकडे येतात की आम्ही खड्ड्यांकडे जातो ते कळत नाही. पोचलो तेव्हा दारात कापडी मांडव होता, चुली पेटल्या होत्या आणि चुलींच्या बाजूला, गोणपाटावर, माझी परात होती. तिच्याभोवती चार बाया गुडघ्यांवर बसून कणीक मळत होत्या. पलीकडे नवरीला हळद लागत होती.

नवरीची आजी आम्हाला चहा घेऊन आली. मी परातीकडे बघते आहे असं पाहून म्हणाली, "लई गुणाची हाय बाई ही परात. किती बी जोर लावा, सरकत न्हाई."

मी वाकून काठ बघितला. घासून घासून अक्षरं बोथट झाली होती, पण वाचता येत होती. मी विचारलं, "नाव कुणाचं आहे हिच्यावर?"

"असंल कुणाचं तरी," म्हातारी म्हणाली. "लग्नातलं हाय म्हंजे चांगल्याचंच असंल."

चहा प्यायले. मळणाऱ्या बायांतली एक दमून उठली, तशी मी पदर खोचून तिच्या जागी बसले. कोण ही बाई, असं कुणी विचारलं नाही. लग्नघरात कामाला बसणाऱ्या बाईला कुणी विचारतही नाही. कणीक घट्ट होती आणि परात खरंच सरकत नव्हती.

परतताना फाट्यावरच्या टपरीपाशी मी भावजयीला स्कुटी थांबवायला लावली. म्हटलं, "आप्पा ही परात लग्नाला देत होते?"

"देत होते म्हंजे? पहिली हीच द्यायचे." तिला आश्चर्य वाटलं होतं. "तुम्हाला ठाऊक न्हाई?"

"मी माळ्यावर ठेवताना बघितली होती. पालथी."

"ती तुम्ही आल्या की ठेवायचे," ती म्हणाली. "दिवाळीला, उन्हाळ्यात तुम्ही यायच्या, त्याच्या आदल्या दिवशी मामंजी शिडी लावायचे. पोरगी मठात आली तर तिच्या डोळ्यांम्होरं नको म्हणायचे. तुम्ही लातूरला गेल्या की परत खाली. एवढं वजन, म्हाताऱ्या माणसानं वर-खाली करायचं. मी भांडायची त्यांच्याशी."

मी टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. तिला वाटलं मला पटलं नाही, म्हणून ती पुढे सांगू लागली. ती नवी नवरी असतानाची गोष्ट. गावातला एक कापडवाला, समाजातला मोठा माणूस, पोरीच्या लग्नाची भांडी न्यायला आला. सगळी भांडी गाडीत भरली आणि त्याच्या बायकोने ही परात तेवढी खाली उतरवली. दुसरी द्या म्हणाली. आप्पांनी कारण विचारलं. ती म्हणाली, "शुभकार्य हाय, समजून घ्या."

"मग?"

"मामंजी म्हणाले, भांडी समाजाची हायत. न्यायची तर ही धरून सगळी न्या. आन् ही नको असंल तर सगळी उतरवा. आवाज चढवला न्हाई की काही न्हाई. त्यांनी सगळी उतरवली, रागानं नांदेडहून भाड्यानं भांडी आणली. आपल्याला लग्नाला बोलावलं बी न्हाई. मी चहा ठेवला होता आत, तो तसाच ऱ्हायला." भावजय कप खाली ठेवत म्हणाली, "त्याच्या पुढं जो येईल त्याच्या गाडीत मामंजी पहिली ही परात ठेवायचे, नाव वर करून. मग बाकीची. दोन-चार वर्षं लोक कुरकुरले. मग इसरले. आता तर हीच पायजे म्हणून भांडतेत."

मी त्या टपरीवर रडले. रस्त्याकडे तोंड करून, नाक ओढत, अगदी बेढब रडले. आप्पांनी मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं माझ्यामुळे त्यांची मान खाली गेली, आणि ते मात्र माझं नाव मांडवामांडवात पाठवत होते. ते असते तर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं, की मला का नाही सांगितलंत. भावजयीने आणखी एक चहा सांगितला.

रविवारी सकाळी भावाने माझी पिशवी दारात आणून ठेवली. नांदेडच्या गाडीची वेळही विचारून आला होता. मी म्हटलं, पिशवी आत ठेव. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "अक्का, लोक लई आलेत." मी म्हटलं, येऊ देत. तो चप्पल घालून माझ्या मागून निघाला.

मठाच्या अंगणात भांडी ओळीने मांडली होती आणि सगळा समाज सतरंज्यांवर बसला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. ट्रॅक्टर नुकताच येऊन गेला होता. परातीत त्या म्हातारीने रिवाजाप्रमाणे ओंजळभर गहू घातले होते. समितीचा सचिव तरुण पोरगा, माईक हातात घेऊन तो बक्षिसं वाटल्यासारखी नावं वाचत होता. लोक उठत होते, हसत होते, आपलं भांडं घेऊन फोटो काढत होते. गिरणीवाले नवरा-बायको कढई घ्यायला दोन बाजूंनी आले. बरीच नावं अशी निघाली की उठायला कुणी उरलं नव्हतं. ती भांडी मोडवाल्याच्या टेम्पोकडे जात होती.

मग त्याने वाकून परातीचा काठ बघितला आणि माझं नाव वाचलं. शेजारचं नावही वाचलं.

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली आणि थांबली. सचिव जळकोटच्या भानगडीनंतर जन्मलेला. त्याला काय ठाऊक. ऐकू गेलं नसेल असं समजून त्याने माईक तोंडाजवळ घेतला आणि दोन्ही नावं पुन्हा, आणखी मोठ्याने, सावकाश वाचली. "यांच्यापैकी कुणी आहे का? नसेल तर मोडीत जाईल."

मी उठले. "हाय," मी म्हणाले. "मी हाय. परात माझी हाय."

सतरंज्यांच्या मधून चालत पुढे गेले. सगळ्यांनी बघितलं. मी परातीतले गहू पदरात काढून घेतले आणि एक कडी धरून उचलायला गेले, तर ती जागची हलेना. आप्पा ही घेऊन शिडी चढत होते, माझ्या प्रत्येक सुट्टीच्या आधी आणि नंतर. पुरुषांच्या बाजूने भाऊ उठून आला आणि त्याने दुसरी कडी धरली. त्याला मी म्हटलं, "उलटी नको, नाव वर ऱ्हाऊ दे." आणि आम्ही दोघं ती परात सगळ्यांच्या मधून घरी घेऊन गेलो.